शिराळ्याच्या दोन दिवाळ्या

शिराळ्याला निघालो आहे असे सांगितले की पुण्यातली माणसे एकच प्रश्न विचारतात, "नाग बघायला का?" नागपंचमी होऊन तीन महिने झालेले असोत, माणसाच्या हातात लग्नाचा आहेर असो की कोर्टाचे कागद असोत, प्रश्न तोच. गेल्या वर्षी भाऊबीज आटोपून मी निघालो तेव्हाही शेजाऱ्यांनी तो विचारला. मी म्हणालो, "नाही, रद्दी आणायला." त्यांना ती थट्टा वाटली. पण ती अक्षरशः खरी गोष्ट होती.

शिराळ्याच्या आमच्या वाड्याच्या थोरल्या घरात आप्पाकाका राहतात. ते माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. त्यांचे पत्र आले होते : "वाडा उतरवायचा ठरले आहे. भिंतींनी आता हात टेकले. धाकट्या घराच्या माळ्यावर तुझ्या आजोबांचे कागद आहेत. येऊन घेऊन जावेत. न आल्यास रद्दीवाल्याला द्यावे लागतील. तू मराठीचा प्राध्यापक, तुला कागदाची किंमत असावी असा समज आहे." शेवटच्या वाक्यातली टाचणी माझ्यासाठी होती. गेल्या दहा-बारा वर्षांत मी शिराळ्याला फिरकलो नव्हतो.

पुण्याहून साताऱ्यावरून कऱ्हाड, कऱ्हाडहून पेठ नाका आणि तिथे हमरस्ता सोडून पश्चिमेला वळले की उसाच्या फडांतून रस्ता शिराळ्याकडे जातो. जसजसे पुढे जावे तसतशा सह्याद्रीच्या रांगा जवळ सरकतात. पलीकडे वारणेचे खोरे आणि चांदोलीचे जंगल. गाव मोरणा नदीच्या काठी वसलेले आहे. बत्तीस गावांचे म्हणून ते बत्तीस शिराळे. गोरक्षनाथांचे ठाणे इथे आहे आणि नागपंचमीची कथाही त्यांच्याशीच जोडलेली आहे. जिवंत नाग धरून मिरवणूक काढण्याची इथली प्रथा एके काळी जगभर गाजली. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि उच्च न्यायालयाचे आदेश यांनी तिला आळा घातला.

समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथला. एस.टी.तून उतरलो की त्याला नमस्कार करूनच घरी जायचे हा आमच्या घरचा रिवाज आहे. देवळाला झरोके आहेत. उगवतीचे आणि मावळतीचे ऊन मूर्तीच्या मुखावर यावे म्हणून ते ठेवले असे गावात सांगतात. लहानपणी आजोबा मला तिथे उभे करून म्हणत, "सूर्य कुठून येणार हे ज्याला आधी कळलं होतं, त्यानं ही भिंत बांधली." तेव्हा माझे लक्ष मारुतीपुढच्या खोबऱ्याच्या वाटीकडे असे.

माळ्यावर तीन तास धूळ खाल्ल्यावर हाती लागले ते असे : शाळेची हजेरीपत्रके, सारा भरल्याच्या पावत्या, तांबड्या फडक्यात बांधलेली टिळक पंचांगांची चळत, आणि पुठ्ठ्याची एक निळी वही. आजोबा प्राथमिक शाळेत मास्तर होते, त्यामुळे अक्षर वळणदार. पहिल्याच पानावर लिहिले होते : "चित्रा व रेवती यांच्या स्थानांची पडताळणी. शके १८८३." म्हणजे सन १९६१.

वाचकहो, इथे थोडे थांबून पंचांगाची गोष्ट सांगितली पाहिजे. भिऊ नका. गणितात काठावर पास झालेल्या माणसाला जेवढी समजली तेवढीच सांगतो.

आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत सत्तावीस नक्षत्रांच्या मुख्य ताऱ्यांचा एक तक्ता असतो. या ताऱ्यांना योगतारा म्हणतात. कोणती योगतारा आरंभबिंदूपासून किती अंशांवर आहे आणि सूर्याच्या वाटेच्या उत्तरेला की दक्षिणेला किती सरकलेली आहे, हे त्यात दिलेले असते. सूर्यसिद्धान्तात चित्रेपुढे १८० अंश लिहिले आहेत आणि रेवतीपुढे ३५९ अंश ५० कला. ब्रह्मगुप्ताने रेवतीला सरळ शून्यावरच बसवले. सारांश, रेवतीपासून आकाश मोजायला सुरुवात करावी आणि बरोबर अर्धे वर्तुळ झाले की चित्रा यावी, असे तक्ता म्हणतो.

आता गंमत अशी, की प्रत्यक्ष आकाशात तसे नाही. सूर्याच्या वाटेवर मोजले तर रेवती म्हणून जी तारा धरतात तिच्यापासून चित्रेपर्यंतचे अंतर १८० नव्हे, जवळजवळ १८४ अंश भरते. म्हणजे रेवतीला शून्यावर बसवावे तर चित्रा चार अंश पुढे जाते, आणि चित्रेला १८० वर बसवावे तर रेवती चार अंश मागे पडते. आखूड पांघरुणासारखा प्रकार. डोके झाकले तर पाय उघडे, पाय झाकले तर डोके.

या चार अंशांवरून महाराष्ट्रात शंभर वर्षे वाद झाला. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' लिहिली आणि १८६५ पासून निघू लागलेल्या पटवर्धनी पंचांगात रेवतीला धरून गणित केले. शंकर बाळकृष्ण दीक्षित हेही शिक्षकच. त्यांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथात योगतारांच्या स्थानांचा कसून विचार केला. लोकमान्य टिळकांनी रेवतीची बाजू घेतली. १९२० साली सांगलीला ज्योतिष संमेलन भरले आणि त्याच चळवळीतून पुढे टिळक पंचांग रूढ झाले. उलट बाजूला व्यंकटेश बापूजी केतकरांसारखे मोठे गणिती चित्रेच्या पक्षाला होते. अखेर भारत सरकारने १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तीत नागपूरचे के. ल. दफ्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर हेही सभासद होते. समितीचा अहवाल १९५५ साली आला. धार्मिक पंचांगांसाठी समितीने जो आरंभबिंदू ठरवला तो चित्रापक्षाच्या अंगाचा होता.

चार अंशांनी असे काय बिघडते, असे आपण विचाराल. सूर्य दिवसाला साधारण एक अंश चालतो. म्हणजे चार अंशांचे चार दिवस झाले. आपली मकर संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते, टिळक पंचांगाची १० जानेवारीला. एवढ्यावर भागले असते तर तिळगूळ दोनदा वाटून मंडळी मोकळी झाली असती. पण ज्या चांद्रमासात संक्रांत येत नाही तो अधिक मास. संक्रांती चार दिवस सरकल्या, आणि नेमकी त्या चार दिवसांत अमावास्या आली, की एका पंचांगात अधिक मास येतो आणि दुसऱ्यात येत नाही. मग पुढचे सगळे सण महिनाभराने वेगळे. २०२३ साली कोकणात टिळक पंचांग मानणाऱ्या घरी गणपती २० ऑगस्टला बसले आणि बाकीच्यांकडे १९ सप्टेंबरला.

आता आमच्या वाड्याकडे येतो. पणजोबा सांगलीच्या संमेलनाच्या वेळी तिथे जाऊन आलेले, आणि येताना नव्या पंचांगाचा ध्यास घेऊन आलेले. त्यांच्या हयातीत वाड्यात एकच पंचांग होते. ते गेल्यावर वाड्याची दोन घरे झाली. थोरल्या आजोबांनी, म्हणजे दादांनी, गावात सर्वांचे होते ते पंचांग घेतले. धाकट्या घरात माझे आजोबा टिळक पंचांगाला चिकटून राहिले. बहुतेक वर्षी सण बरोबरच येत. १९५५ साली मात्र फाटले.

आप्पाकाका त्या वेळी आठ वर्षांचे होते. गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकलेली बरी.

"त्या वर्षी नेहमीच्या पंचांगात अधिक भाद्रपद होता. काकांच्या पंचांगात तो नव्हता. म्हणून काकांची दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यात आली. आणि आमच्याकडे त्या दिवशी काय? सर्वपित्री अमावास्या! एका भिंतीला लागून दोन घरं. आमच्याकडे पानावर पितरांचा भात वाढलेला आणि पलीकडे अंगणात पणत्या. आई बिचारी म्हणाली, लेकरांनो, फटाके तरी वाजवू नका. पण पोरं ती पोरंच."

"मग?"

"मग महिन्यानं आमची दिवाळी. ताईचं त्याच वर्षी लग्न झालेलं. पहिला दिवाळसण. जावई, विहीणबाई, सगळी मंडळी आली. आमच्या ओसरीवर आकाशकंदील, रांगोळी, आणि शेजारी काकांचं घर अंधारात. त्यांची दिवाळी होऊन गेलेली ना! विहीणबाईंनी सहज विचारलं, शेजारच्या घरात सुतक आहे का?"

आप्पाकाकांनी पानाचा डबा पुढे ओढला. "तो शब्द भिंतीपलीकडं गेला. काकू ऐकून रडल्या. काका त्या दिवसापासून दादांशी बोलले नाहीत. दादाही हट्टी. सहा वर्षं. विहीर एक, बोलणं बंद."

हे सगळे माझ्या जन्माच्या फार आधीचे. मला आठवते ते एवढेच, की १९९३ साली, मी बारा-तेरा वर्षांचा असताना, आम्ही शिराळ्यात ऑक्टोबरात एक दिवाळी केली आणि नोव्हेंबरात दुसरी. पहिली आजोबांच्या घरी, दुसरी दादांच्या. दोन्हीकडे चकली, दोन्हीकडे अभ्यंगस्नान, दोन्हीकडे नवा सदरा. शाळेतल्या मित्रांना मी अभिमानाने सांगे, की आमच्याकडे दोन दिवाळ्या असतात. त्यामागे काय होते हे कुणी सांगितले नाही आणि पोटभर करंज्या खाणाऱ्या मुलाला विचारायचेही सुचले नाही.

निळ्या वहीत त्याचा उलगडा होता.

आजोबांचा विचार साधा होता. ग्रंथ एक म्हणतो, पंडित दोन म्हणतात. मग आकाशालाच का विचारू नये? दुर्बीण नव्हती आणि घ्यायची ऐपतही नव्हती. त्यांनी वाड्याच्या चौकात शंकू रोवला, भोवती वर्तुळ काढले, सकाळी आणि दुपारनंतर सावलीचे टोक वर्तुळाला जिथे शिवते तिथे खुणा केल्या आणि त्यांवरून उत्तर-दक्षिण रेघ काढली. ही रीत जुन्या ग्रंथांतलीच. त्या रेघेच्या बरोबर वर, दोन बाजूंच्या वाशांत लोखंडी आकडे ठोकून कासरा ताणला. दोराला मध्यावर गवंड्याचा ओळंबा सोडला. रात्री ओळंब्याशी डोळा लावून उताणे पडायचे आणि तारा दोराआड लपते कधी, बाहेर येते कधी हे पाहायचे. दोन्ही वेळा लिहायच्या, मधली वेळ धरायची. दोराला झोल पडला तरी बिघडत नाही, कारण झोल सरळ खालीच पडतो. हे त्यांनी समासात टिपून ठेवले आहे. घड्याळ रोज संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या रेडिओवरून लावायचे.

चित्रा आणि रेवती एका रात्री दोराआड येताना पाहणे जवळपास अशक्य. त्या आकाशाच्या समोरासमोरच्या टोकांना. एक मावळते त्या सुमाराला दुसरी उगवते. म्हणून आजोबांनी एक तारा उन्हाळ्यात धरली आणि दुसरी हिवाळ्याच्या तोंडावर. कोणतीही तारा रोज ३ मिनिटे ५६ सेकंद आधी दोराखाली येते, हे पक्के ठाऊक असते. तेव्हा मधल्या दिवसांचा हिशोब शाळामास्तरला अवघड नव्हता.

वहीतल्या दोन ओळी अशा : "११ मे. चित्रा. रात्रौ १० वा. ३९ मि." आणि "११ नोव्हेंबर. रेवती. रात्रौ १० वा. २३ मि." मधले दिवस १८४. तेवढ्या दिवसांत चित्रा बारा तास साडेतीन मिनिटे मागे सरकते. म्हणजे ११ नोव्हेंबरला ती सकाळी १० वाजून ३५-३६ मिनिटांनी, उन्हात न दिसता, दोर ओलांडून गेली असणार. तक्त्याप्रमाणे रेवती तिच्यानंतर आकाशाच्या अर्ध्या फेऱ्याने यायला हवी. घड्याळाच्या भाषेत ११ तास ५८ मिनिटांनी. म्हणजे रात्री १० वाजून ३४ मिनिटांनी. आली १० वाजून २३ मिनिटांनी. अकरा मिनिटे आधी.

आकाशाची अकरा मिनिटे म्हणजे जवळजवळ तीन अंश. वाद चार अंशांचा आणि दोरावर तीनच का, हेही आजोबांनी लिहून ठेवले आहे. जुने ध्रुवक आकाशाच्या ध्रुवातून रेघ ओढून मोजलेले, आजचे अंश सूर्याच्या वाटेला काटकोनात मोजलेले. चित्रा वाटेच्या दोन अंश दक्षिणेला असल्यामुळे या रीतीच्या फरकात एक अंश मुरतो. उरलेले तीन अंश मात्र कोणत्याही रीतीने मुरत नाहीत. ती तक्त्याची चूक.

एक पळवाट उरली होती. तारेच सरकले असतील तर? तारे सरकतात हे खोटे नाही. एडमंड हॅली या इंग्रज ज्योतिर्विदाने १७१८ साली टॉलेमीच्या यादीशी आपल्या काळची स्थाने ताडून पाहिली, तेव्हा व्याध, स्वाती आणि रोहिणी यांनी जागा बदलल्याचे त्याच्या ध्यानात आले. जुनी यादी चुकली म्हणून फेकून दिली असती तर हे कधीच कळले नसते. पण रेवतीची तारा दीड हजार वर्षांत जेवढी सरकली ते अंतर पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या सहाव्या भागाइतकेही नाही. चित्रा तर त्याहूनही कमी. चार अंश म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेले आठ चंद्र. ताऱ्यांवर एवढा आळ घेता येत नाही.

मग आणखी एक शंका. ग्रंथकारांची रेवती हीच कशावरून? चित्रा ठळक आहे, तिच्याबद्दल दुमत नाही. रेवती अगदी मंद, डोळ्यांना जेमतेम दिसणारी. परंपरेने रेवती नक्षत्राला बत्तीस तारा सांगितल्या आहेत. बत्तीस शिराळ्याच्या मास्तरला हा योग आवडलेला दिसतो. त्याने तिथे उद्गारचिन्ह दिले आहे. त्या बत्तिसांतली नेमकी कोणती, हे मंद उजेडात माणूस ओळखण्यासारखे. शिराळ्याच्या लोकांना पटेल असे उदाहरण आश्लेषाचे आहे. आश्लेषा हे सर्पांचे नक्षत्र. तिची योगतारा सात अंश दक्षिणेला असल्याचे तक्ता सांगतो. कोणी ती कर्क राशीतली मानतात, ती भरते पाच अंशांवर. कोणी वासुकीच्या डोक्यातली मानतात, ती भरते अकरा अंशांवर. सात अंशांवर दोहोंपैकी कोणीच नाही. नाग दोन बिळांच्या मध्ये अडकल्यासारखा.

शेवटच्या पानावर आजोबांनी लिहिले आहे : "तक्ता स्वतःशीच जुळत नाही. दोन तारांपैकी एकीला खरी म्हटले की दुसरी खोटी पडते. दादांचे पंचांग चुकीचे असे आकाश म्हणत नाही. माझे बरोबर असेही म्हणत नाही." आणि त्याखाली, वेगळ्या शाईने : "दादांकडे गेलो."

मी वही घेऊन खाली आलो. आप्पाकाकांनी चष्मा पुसून ती पाने पाहिली आणि एका ओळीवर बोट ठेवले. वेळेचे आकडे आजोबांच्या अक्षरात नव्हते.

"हे माझे," ते म्हणाले. "चौदा वर्षांचा होतो. काका दोराखाली पडत आणि 'लपली' म्हणत. मी भिंतीकडं तोंड करून, कंदिलावर फडकं टाकून, घड्याळ पाहून लिहीत असे. दादांना चोरून. बोलणं थोरल्यांचं बंद होतं, आमचं नव्हतं."

"आणि दादांनी वही पाहिली तेव्हा काय झालं?"

"रात्रीचे अकरा वाजलेले. काका सरळ आमच्या ओसरीवर आले. दादा जागेच होते. वही पुढं केली. दादांनी सगळं वाचलं. गणित त्यांनाही येत होतं. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, म्हणजे अकरा मिनिटांसाठी सहा वर्षं? काका काही बोलले नाहीत. आई उठून आत गेली आणि दिवाळीचे उरलेले लाडू घेऊन आली."

तेव्हापासून ज्या वर्षी दोन दिवाळ्या येत त्या वर्षी दोन्ही घरांनी दोन्ही करायच्या असे ठरले. पंचांग कुणीही सोडले नाही. आजोबा अखेरपर्यंत टिळक पंचांगाप्रमाणेच एकादशी करीत.

त्या रात्री आम्ही जेवत असताना गावातली वीज गेली. आप्पाकाकांची नात नववीत आहे. ती दारातून ओरडली, "आबा, केवढ्या चांदण्या!" आम्ही चौकात आलो. वाशांतले आकडे गंजले होते पण जागचे हलले नव्हते. मी आप्पाकाकांकडे पाहिले, त्यांनी माझ्याकडे पाहिले. गोठ्यातून कासरा आणला. ओळंबा वाड्याचा भाव ठरवायला आलेला गवंडी विसरून गेला होता, तो कामी आला.

चाळिशी उलटलेल्या माणसाला रेवतीची ती तारा दिसत नाही हे पहिल्या पाच मिनिटांतच कळले. मला नुसता काळोख दिसे. नकाशावरून खाणाखुणा सांगितल्यावर नातीला ती सापडली. ती जवळजवळ डोक्यावरच असते. पोर दोराखाली घोंगडीवर पडून राहिली आणि पावणेअकराच्या सुमाराला एकदम म्हणाली, "लपली!" आप्पाकाकांनी मोबाइलवरची वेळ वहीत लिहिली. त्याच वहीत, त्रेसष्ट वर्षांनंतर, त्याच माणसाने. अक्षर तेवढे थरथरले होते.

चित्रा राहिली होती. ती धरण्यासाठी मी या मे महिन्यात पुन्हा शिराळ्याला गेलो. दहा-बारा वर्षे न फिरकलेला माणूस सहा महिन्यांत दुसऱ्यांदा उगवला म्हणून गल्लीतल्या लोकांनी वाटण्या चालल्या आहेत असे खुशाल ठरवले. वळवाच्या ढगांनी दोन रात्री हुलकावणी दिली. तिसऱ्या रात्री दहाच्या सुमाराला चित्रा दोराशी आली. ती मलाही दिसली. शुभ्र, ठसठशीत, कुणी ओळख करून द्यायला नको अशी. तक्त्याने दिलेली वेळ उलटून बारा मिनिटांना थोडे कमी असताना ती दोराआड गेली. आजोबांच्या आकड्याशी आमचा आकडा मिनिटाच्या आत जुळला.

आज या कामाला दोर लागत नाही. हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने गेल्या शतकात पॅरिसच्या मोठ्या योजनेतला आकाशाचा एक पट्टा घेऊन काचेच्या तबकड्यांवर सात लाखांहून अधिक ताऱ्यांची स्थाने मोजली. त्या काळी आपला मराठवाडा त्याच संस्थानात होता. त्या जुन्या मोजण्या १९८९ साली उडालेल्या हिप्पार्कस उपग्रहाच्या मोजण्यांशी ताडून, मधल्या काळात पंचवीस लाख तारे किती सरकले ते काढले गेले. पुढे २०१३ साली गाया नावाचे यान गेले. त्याने सुमारे १८० कोटी ताऱ्यांची नोंद केली आणि २०२५ च्या मार्चमध्ये त्याला कायमचा निरोप देण्यात आला. त्या यादीशी ताडले तर आजोबांचा दोर अगदीच ढोबळ. पण त्यांना जो प्रश्न होता त्याला तो पुरेसा होता.

वाडा आता उतरला असेल. पावसाळ्यानंतर काम सुरू करायचे ठरले होते. मी निघालो त्या सकाळी आप्पाकाका शिडीवर चढून वाशांतले आकडे स्वतः उपटत होते. खाली उभी राहून नात ओरडत होती, "आबा, पडाल!" एक आकडा त्यांनी मला दिला, एक तिला.

"असा दोन दिवाळ्यांचा योग एकोणीस वर्षांनी फिरून येतो," ते शिडीवरूनच म्हणाले. "१९५५, ७४, ९३, २०१२. ७४ आणि ९३ ला दोन्ही घरांनी दोन्ही केल्या. २०१२ ला तू आला नाहीस. आम्हीही एकच केली. माणसंच उरली नव्हती. आता २०३१. तेव्हा मी चौऱ्याऐंशीचा असेन."

"येतो," मी म्हणालो.

"ऑक्टोबरात ये आणि नोव्हेंबरातही ये. नव्या घराला चौक नसेल, गच्ची आहे. आणि सूनबाईंना घेऊन ये. दोनदा फराळ करायला एकटी बाई पुरत नाही."

एस.टी. मारुतीच्या देवळापाशी वळली तेव्हा पिशवीतला आकडा वहीवर खडखडत होता.